कपाटात अडकलेले दाखले: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना एका निवृत्त सिस्टरचं खुलं पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सा. न. वि. वि.

मी निवृत्त परिसेविका, म्हणजे वॉर्डची इनचार्ज सिस्टर. 1987 साली जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाले आणि निकाल लागून महिना होतो न होतो तोच बंधपत्रित म्हणून सरकारी दवाखान्यात हजर झाले. 'बंधपत्रित' हा शब्द नव्या मुलींना सांगितला तर त्या दचकतात, कारण त्यांना बाँड म्हणजे फक्त खासगी हॉस्पिटलचा बाँड माहीत आहे. आमचा वेगळा होता. सरकारी शाळेत विद्यावेतन घेऊन शिकायचं, मग ठरलेली वर्षं सरकारच्या वॉर्डात काढायची. बंधन माझ्यावर होतं तसं सरकारवरही होतं. शिकवलंय ना, मग कामही द्या.

2024 मध्ये निवृत्त झाले. घरी करमेना म्हणून आता एका छोट्या खासगी नर्सिंग स्कूलमध्ये शिकवते. गेल्या वर्षी पास झालेल्या एका विद्यार्थिनीचा मागच्या महिन्यात फोन आला. तिचं नाव लिहीत नाही, आणि हॉस्पिटलचंही नाही. तिच्यासारख्या इतक्या मुली फोन करतात की एकाच हॉस्पिटलला बोल लावला तर बाकीचे सुटतील.

साठ खाटांचं हॉस्पिटल. पगार 11 हजार. त्यातले साडेचार हजार कॉट बेसिसवरच्या खोलीला आणि तीन हजार मेसला जातात. नाईटला बावीस पेशंट, ही एकटी आणि सोबत एक मावशी. तिच्या शिक्षणासाठी आईने बचत गटातून उचललेले 50 हजार अजून फिटायचे आहेत. मी म्हटलं, "सोड की मग." ती म्हणाली, "मॅडम, ओरिजिनल त्यांच्याकडे आहेत."

म्हणजे दहावी-बारावीच्या मार्कशीट, डिप्लोमा आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र. रुजू होताना 'व्हेरिफिकेशनसाठी' म्हणून घेतले आणि कपाटात कुलूपबंद केले. दोन वर्षांच्या आत सोडायचं तर तीन महिन्यांचा पगार भरा, मग कागद घेऊन जा.

साहेब, या पत्रात मी या कपाटापासूनच सुरुवात करते. आमच्या मुली 11 हजारांत का राहतात, असं लोक विचारतात. त्या पगारासाठी राहत नाहीत, अनुभवाच्या दाखल्यासाठी राहतात. आखातात जायचं तर बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव लागतो. मोठ्या शहरातल्या चांगल्या हॉस्पिटलातही फ्रेशर म्हटलं की अर्ज बाजूला पडतो. आणि दाखला हातात आला म्हणजे सुटलो असंही नाही. परदेशी नोंदणीच्या वेळी डेटाफ्लोसारख्या कंपन्या थेट जुन्या हॉस्पिटलला विचारतात, ही खरंच तुमच्याकडे होती का? भांडून निघालेल्या मुलीच्या वेळी त्या ईमेलला उत्तरच जात नाही. म्हणून ती भांडत नाही. डबल ड्युटी लावली तरी गप्प, ऑफ कापला तरी गप्प. खरा पगार तो दाखला आहे आणि रोख 11 हजार म्हणजे जेवणखर्च, हे मालकाला पक्कं ठाऊक असतं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. खासगी हॉस्पिटलांतल्या परिचारिकांच्या पगारासाठी प्रशिक्षित परिचारिकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. जानेवारी 2016 मध्ये न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितली, समितीने शिफारशी केल्या आणि त्याच वर्षी केंद्राने त्या राज्यांना कळवल्या. दोनशेहून जास्त खाटा असतील तर राज्य सरकारी परिचारिकेइतका पगार. शंभराच्या वर असतील तर त्याहून फार तर 10 टक्के कमी. पन्नास ते शंभर खाटांना फार तर 25 टक्के कमी. आणि पन्नासच्या आतल्या लहान हॉस्पिटललाही 20 हजारांच्या खाली जायची मुभा नाही.

माझ्या विद्यार्थिनीचा हिशेब मी फळ्यावर मांडतात तसा मांडते. राज्यातल्या अधिपरिचारिकेचं, म्हणजे सरकारी स्टाफ नर्सचं, मूळ वेतन 35,400 पासून सुरू होतं. महागाई भत्ता सोडूनच द्या. त्यातून 25 टक्के वजा केले तर 26,550 उरतात. तिला मिळतात 11 हजार.

शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे मला कळतं. पण केरळने तिचा कायदा केला. 2018 च्या एप्रिलमध्ये तिथल्या सिस्टर चेरथळाहून तिरुवनंतपुरमपर्यंत पायी निघणार होत्या. आदल्या रात्री सरकारने किमान वेतनाची अधिसूचना काढली, 20 हजारांपासून पुढे. मोर्चा निघालाच नाही. आपल्याकडे असा मोर्चा काढायला मुलींना सुट्टी कोण देणार, हाही प्रश्नच आहे.

पण खासगीवाल्यांना सांगायला सरकारचं तोंड कुठे आहे? राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिराती मी मुलींना वर्गात वाचून दाखवते. स्टाफ नर्स, कंत्राटी, मानधन दरमहा 20 हजार. म्हणजे केंद्राने पन्नास खाटांच्या आतल्या दवाखान्यासाठी 2016 मध्ये जो तळ सांगितला, त्यावर राज्य सरकार स्वतःच्या सिस्टरला वर्षानुवर्षं उभं करून ठेवतं. एकाच वॉर्डात, एकाच नाईटला, एकाच ट्रेमधून इंजेक्शन देणाऱ्या दोघींपैकी कंत्राटी सिस्टरला कायम सिस्टरच्या निम्म्याहून कमी. मी इनचार्ज असताना ड्युटी लावायचे तेव्हा त्या दोघींच्या नजरा मी टाळलेल्या आहेत. मार्च 2024 मध्ये दहा वर्षं झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सामावून घ्यायचा जीआर निघाला. ऑगस्ट 2025 मध्ये तोच जीआर अमलात आणा म्हणून लोकांना संपावर जावं लागलं.

भरतीचं तर विचारूच नका. आरोग्य विभागाच्या 2021 च्या भरतीचे पेपर फुटले, परीक्षा रद्द झाली आणि मोठी भरती पुन्हा व्हायला 2023 चा शेवट उजाडला. तुम्ही म्हणाल ते खातं शेजारचं. बरोबर, आणि दुखणं तिथेच आहे. शाळा-कॉलेजांना परवानगी तुमच्याकडे, जिल्हा रुग्णालयं सार्वजनिक आरोग्याकडे, किमान वेतन कामगार खात्याकडे. मुलगी एकच, दारं तीन, आणि प्रत्येक दारावरचा शिपाई पुढच्या दाराकडे बोट दाखवतो. तिकडे खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 38 वर्षांची. परीक्षेची तारीख सरकते, वय सरकायचं थांबत नाही.

मधल्या काळात भरतीच बाहेरच्या कंपन्यांना देऊन टाकायची हौसही सरकारला आली. त्याविरोधात मे 2022 मध्ये परिचारिका संपावर गेल्या, त्यात मीही होते. तरी सप्टेंबर 2023 मध्ये नऊ कंपन्यांना मनुष्यबळ पुरवायला लावणारा जीआर निघाला आणि गदारोळ झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. त्याच ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाल्याची बातमी देशभर गेली होती. त्यात 12 अर्भकं होती. त्या वॉर्डात त्या रात्री किती सिस्टर होत्या, एवढंच मला तेव्हा विचारावंसं वाटत होतं. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक सिस्टर असं आहे. ते मी वर्गात शिकवते. परीक्षेत मुली बरोबर लिहितात आणि मार्क घेतात.

दरम्यान कॉलेजं वाढतच आहेत. 2023 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 157 नवी नर्सिंग कॉलेजं जाहीर झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये आपल्या राज्यात एकाच दिवशी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. मला आनंदच आहे. गडचिरोलीला, हिंगोलीला हवंच होतं. पण इमारतीच्या फलकासोबत अधिपरिचारिकांच्या नियमित जागा किती मंजूर झाल्या, तो आकडा फलकावर नसतो.

मग सांगतात, जर्मनीला पाठवू. फेब्रुवारी 2024 मध्ये बाडेन-वुर्टेमबर्गशी करार झाला, दहा हजार कुशल लोकांचा, त्यात नर्सही आल्या. जाऊ देत मुली, मी कोण अडवणारी? पण तिथे सिस्टर म्हणून उभं राहायला जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत, म्हणजे कामकाजात सहज बोलता-लिहिता येण्याइतकी, यावी लागते. नाईट करून आलेली, 11 हजारांतली मुलगी ती भाषा कधी शिकणार? आणि कागद तर कपाटात आहेत.

अजून एक गोष्ट, जी नर्सिंगवाल्या सोडून कुणाला दिसत नाही. अनेक लहान शुश्रूषागृहांत सहा महिन्यांचा कसलासा कोर्स केलेल्या मुलींना गणवेश घालून 'सिस्टर' म्हणून उभं करतात. नोंदणी झालेल्या एक-दोघी ठेवायच्या त्या तपासणीपुरत्या, त्यांचं प्रमाणपत्र फाइलला लावायला. पेशंटला फरक कळत नाही. तीन वर्षं शिकलेल्या मुलीने पगार मागितला की तिला हीच रांग दाखवली जाते. सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या या बिचाऱ्या मुलींवर माझा राग नाही, त्यांना तर दाखलाही मिळत नाही.

माझं मागणं मोठं नाही. तुमच्या अखत्यारीत जेवढं आहे तेवढंच मागते. परिचर्या परिषदेमार्फत एक आदेश काढा: कुणाही परिचारिकेचं मूळ प्रमाणपत्र रुग्णालयाने ठेवून घ्यायचं नाही, आणि काम सोडल्यावर ठरावीक दिवसांत अनुभवाचा दाखला द्यायचाच. हॉस्पिटलने नाही दिला तर हजेरी आणि बँकेत जमा झालेला पगार बघून परिषदेनेच द्यावा. याला पैसा लागत नाही. ज्या हॉस्पिटलात मुली शिकायला पाठवता, त्या हॉस्पिटलाने 2016 चा पगार दिल्याशिवाय नर्सिंग शाळेची संलग्नता पुढे चालू ठेवू नका. कामगार खात्याकडून किमान वेतनाची अधिसूचना आणायला तुम्हाला शेजारच्या मंत्र्यांशी बोलावं लागेल, ते मात्र बोला. आणि तुमच्या स्वतःच्या, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयांच्या, रुग्णालयांच्या भरतीचं वेळापत्रक एमपीएससीसारखं वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करा.

12 मे ला परिचारिका दिनाला तुम्ही आमच्यात येता, दीप लावता, आम्हाला देवदूत म्हणता. 2020 मध्ये हेलिकॉप्टरमधून फुलंही पडली होती. मी तेव्हा कोविड वॉर्डात होते. फुलं गोळा करायला सफाईवाल्या ताईंना दुपार गेली. त्या वेळी तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर घेतलेल्या मुली लाट ओसरल्यावर घरी पाठवल्या गेल्या, त्यातल्या दोघी आता पुण्यात एका कॉल सेंटरला आहेत.

उत्तर पत्रानेच द्यावं असं काही नाही. पुढच्या जाहिरातीवर परीक्षेची आणि नेमणुकीची तारीख छापून आली तरी आमच्या मुलींना कळेल. वर्गाच्या सूचना फलकावर मी जागा मोकळी ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका