गुलाबाई गिटारवर वाजली म्हणून काय बिघडलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे वाचकांच्या पत्रात एका गृहस्थांचं पत्र आलं होतं, आपल्या भागातल्या चार पोरांच्या रॉक बँडनं पहिली रेकॉर्ड काढली त्यावर. सहा गाणी आहेत, त्यातली दोन गुलाबाईची, म्हणजे आपल्याकडे पोरी भाद्रपदापासून महिनाभर घरोघर म्हणतात ती, बाकीची चार पोरांनी स्वतः लिहिलेली. गृहस्थांचा राग त्या दोनवर. इलेक्ट्रिक गिटार अन् ड्रम लावून आयाबायांच्या गाण्यांची वाट लावली, पोरांना संस्कृतीशी घेणंदेणं नाही, वगैरे वगैरे. मी उत्तर लिहितोय कारण ही रेकॉर्ड झाली माझ्या केळीच्या रायपनिंग चेंबरमधे, अन् ड्रम वाजवणारा माझा सख्खा पुतण्या आहे, त्यामुळे मी पोरांच्या बाजूचा आहे हे उघडच आहे, लपवत नाही.

आधी चेंबरचं सांगतो कारण ज्याला त्याला तेच विचारायचं असतं. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत तासावर भाडं, अन् ड्रमचे माइक लावण्यातच अर्धा दिवस जातो, ते यांना परवडणार कुठून. केळी पिकवायचं चेंबर म्हणजे पफ पॅनलच्या, म्हणजे दोन पत्र्यांमधे फोम भरलेल्या भिंती, दाराला रबरी गॅस्केट, दार लावलं की बाहेरचा ट्रॅक्टर अन् हमालांची आरडाओरड बऱ्यापैकी तुटते. पण आत दोन्हीकडून पत्रा, टाळी वाजवली की टण्णकन परत येते. मग मंडपवाल्याकडून गाद्या आणल्या, घरातल्या गोधड्या दोरीवर टांगल्या, रिकामे क्रेट भिंतीला उलटसुलट रचले, तेव्हा कुठे आवाज बसला. दोन मालांच्या मधे चेंबर रिकामं असायचं तेवढीच यांची वेळ, अन् आधी दार उघडं ठेवून पंख्यानं आतली हवा पूर्ण काढायला मी लावायचो, कारण पिकवताना इथिलीन वायू सोडतो अन् केळीचा कार्बन डायऑक्साइड आत साचतो, तिथे पोरं कोंडून ठेवायची म्हणजे गंमत नाही. चेंबर थंड करायचा कंप्रेसर चालू ठेवला तर त्याची घरघर माइकमधे, बंद केला तर बाहेर पंचेचाळीस डिग्री. मे महिना होता, आपल्याकडचा मे काय असतो ते मी काय सांगू. एक गाणं झालं की दार उघडायचं, घाम पुसायचा, गिटार परत सुरात लावायची (उन्हानं तारा उतरतात म्हणे), की पुन्हा आत.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं त्या गूं आवाजानं. गिटारचा अँप, म्हणजे आवाज मोठा करायचा डबा, लावला की मागे सतत गूं. पोरांनी केबल बदलल्या, लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवला, काही फरक नाही. शेवटी आमच्या वायरमनला बोलावलं, त्यानं ऐकून लगेच सांगितलं की ही लाइनची पन्नास हर्ट्झची गूंगूं आहे, तुमचं अर्थिंग कोरडं पडलंय. शेडमागचा अर्थिंगचा खड्डा उकरला, मीठ-कोळसा नवा भरला, चार बादल्या पाणी ओतलं, अन् गूं जवळजवळ गेलीच. पोरांना नेटवर कुणी तरी महागडं मशीन घ्यायला सांगत होतं.

आता गुलाबाईवर येतो. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी घरोघर गाणी म्हणायच्या, टिपऱ्या खेळायच्या, शेवटी डबा हलवून खाऊ ओळखायचा, हे पत्रलेखकांनी फार छान लिहिलंय, वाचून मलाही बरं वाटलं. पण हे सगळं त्यांनी 'होतं' मधे लिहिलंय. खरंच विचारतो, आपल्या गल्लीत महिनाभर रोज गुलाबाई म्हटली जाते अशी किती घरं उरली? मोबाइल आले, क्लास आले, पोरी मोठ्या होऊन पुण्याला कंपनीत गेल्या. गाणी उरली ती म्हाताऱ्यांच्या तोंडात, अन् त्याही एकेक करून चालल्या. ह्या पोरांतली बेस गिटार वाजवणारी मुलगी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली, तिच्या शेजारच्या जिजींकडून तिनं ही गाणी घेतली, मोबाइलवर नाही, समोर बसून, शब्द वहीत उतरवून, जिथे जिजींना आठवेना तिथे त्यांच्या बहिणीला फोन लावून.

जिजींना मग चेंबरमधे आणलं. खुर्चीवर बसवलं, कानाला हेडफोन, हातात टिपऱ्या. पोरांची पद्धत अशी की कानात आधी क्लिक वाजतो, घड्याळासारखा टक टक टक, अन् सगळ्यांनी त्यावर वाजवायचं, म्हणजे नंतर कापाकापी करता येते, एकाचा तुकडा दुसऱ्याला जोडता येतो. जिजींनी दोन ओळी म्हटल्या अन् हेडफोन काढून ठेवला. म्हणे, "हे मधे मधे काय टोचतंय रे भाऊ?" पोरं म्हणाली जिजी त्या टकटकीवर म्हणा, जिजी म्हणाल्या मी म्हणते, ते माझ्यावर वाजव. मुळात त्या गाण्यांची चाल अशी की दर कडव्याला थोडा थोडा वेग चढतो, शेवटाला टिपऱ्या पार पळायला लागतात, पोरी हसायला लागतात, तो क्लिकमधे बसूच शकत नाही. माझ्या पुतण्यानं क्लिक बंद केला, जिजींचा आवाज स्वतःच्या कानात घेतला अन् त्यांच्या टिपऱ्या बघत ड्रम वाजवला. त्यामुळे त्या गाण्यात कुठलीच ओळ कापून दुसरीकडे जोडलेली नाही, सुरवातीला जेवढा वेग आहे त्याच्या किती तरी पुढे शेवट आहे, एका ठिकाणी जिजी श्वास घ्यायला थांबल्यात तर ड्रमपण थांबलाय. पत्रलेखकांना हे "ताल सोडून वाजवलंय" असं वाटलं. अहो, तोच तर ताल आहे, आपल्या आईचा!

राहिलं परदेशी वाद्याचं. हे वाचून मला हसूच आलं, कारण भजनी मंडळातली पेटी कुठली आहे? हार्मोनियम युरोपातून आलेली, अन् १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती, परकं वाद्य, श्रुती नीट निघत नाहीत म्हणून. आज पेटीशिवाय काकडआरती होते का? लग्नाच्या बँडमधली क्लॅरिनेट अन् ट्रम्पेट पलटणींच्या बँडमधून आली. अन् आपला लाडका बँजो, ज्यावर अख्खं खानदेश वरातीत नाचतं, ते मुळात जपानी वाद्य, बटणं दाबून वाजवायचं, आपल्याकडे बुलबुलतरंग झालं अन् पुढे करंट लावून बँजो पार्टी. म्हणजे करंटवर चालणारं तारवाद्य आपल्या गावात माझ्या लहानपणापासून आहे. ते वरातीत रात्री बारापर्यंत वाजलं तेव्हा संस्कृती बुडाली नाही, अन् चार पोरांनी गिटार धरली की बुडाली, हे मला तरी पटत नाही.

आणि एक गोष्ट पत्रलेखकांना माहीत नसावी म्हणून सांगतो, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डीजेवर अन् यूट्यूबवर आपल्याकडची कितीतरी जुनी गाणी फिरतात, अहिराणी अन् लेवा बोलीतली, कानबाईच्या सणाची, आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची, अन् खाली गीतकार-संगीतकार म्हणून भलत्याच कुणाचं तरी नाव. जिच्याकडून ऐकलं त्या बाईचं नाव कुठेच नाही, पैसा तर सोडाच. ह्या पोरांनी काय केलं, रेकॉर्डिंगच्या आधी साध्या कागदावर लिहून काढलं. गुलाबाईच्या गाण्यांपुढे 'पारंपरिक' असंच लिहिलं, कारण ते कुणाच्याच मालकीचं नाही अन् होऊही नये, पण गायिका म्हणून जिजींचं पूर्ण नाव अन् वाटा. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात गाणं वेगळं, रेकॉर्डिंग वेगळं अन् गाणाऱ्याचा हक्क वेगळा. रेकॉर्डिंगवर साठ वर्षं हक्क असतो, अन् गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला त्याच्या सादरीकरणावर पन्नास वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा वाटा कुणी सही घेऊन सहजासहजी काढून घेऊ शकत नाही. हे मला काही माहीत नव्हतं, मी केळीवाला माणूस, पोरांनीच समजावलं, कारण त्यांना एका मोठ्या शहरातल्या कंपनीनं करार पाठवला होता की सगळे हक्क कायमचे आमचे, तुम्हाला एकदाच ठरावीक रक्कम. पोरांनी नाही म्हटलं. माझा भाऊ म्हणत होता घ्या रे, दारात आलेली लक्ष्मी आहे. मी पोरांच्या बाजूनं बोललो, कारण उभी बाग एकरकमी देऊन टाकली अन् पुढच्या महिन्यात भाव चढला की काय वाटतं ते मला चांगलं माहितीय.

पैशाचं म्हणाल तर कुणी गैरसमज करून घेऊ नका. स्पॉटिफायवर थेट गाणं टाकता येत नाही, मधे डिस्ट्रिब्युटर लागतो, तो प्रत्येक गाण्याला बारा अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी कोड देतो, त्या कोडवर हिशोब चालतो. अन् २०२४ पासून तिथे नियम असा की वर्षभरात हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचा एक पैसाही नाही. तेव्हा जिजींचा वाटा सध्या कागदावरच आहे, पण कागदावर आहे. पोरांनी अजून एक केलं, ते मला फार आवडलं, रेकॉर्ड पेनड्राइव्हवर पण काढली. कारण आपल्याकडे गाणं ऐकलं जातं पिकअपमधे, ट्रॅक्टरवर, तिथे कसलं आलंय नेट. माझ्याकडच्या गाड्या रावेर स्टेशनला माल टाकायला जातात त्यात आता तेच वाजतं. ड्रायव्हर मंडळींना पोरांची स्वतःची गाणी विशेष आवडली नाहीत हे खरं (मलाही त्यातलं एक फार लांबलेलं वाटतं, अन् शब्द गिटारखाली दबलेत, मी तोंडावर सांगितलंय), पण जिजींचं गाणं लागलं की आवाज वाढवतात. एक जण म्हणाला, काका, हे माझी आई म्हणायची, पण तिला पुढचं कडवं येत नव्हतं.

टीका करू नका असं मी म्हणत नाही. ड्रमचा आवाज जरा कमी हवा होता म्हणा, इंग्रजी ढंगानं ओरडतात म्हणा, पोरं ऐकून घेतील, त्यांची वयं काय आहेत, पहिलीच रेकॉर्ड आहे. पण घेणंदेणं नाही म्हणू नका. ज्यांना आहे त्यांनीच तर वही घेऊन दार वाजवलं, आपण घरचे असून कुणी वाजवलं नाही.

बाकी पोरांना ही सहा गाणी कोजागिरीला लोकांसमोर वाजवायची आहेत, जिजींना खुर्चीवर मधोमध बसवून. तालुक्यातल्या एका सभागृहाला विचारलं तर त्यांनी लग्नाचाच रेट सांगितला, वरून रॉक म्हणजे खुर्च्या तुटतील म्हणून डिपॉझिट वेगळं. अहो, चार पोरं अन् एक सत्तरीतली बाई, खुर्च्या कोण तोडणार आहे. जमलं तर भाड्याचा वेगळा, छोट्या कार्यक्रमाचा रेट ठरवा एवढीच संबंधितांना विनंती. नाही जमलं तर माझं पॅकिंगचं शेड आहे, त्या दिवशी माल दुपारीच काढून टाकतो. पत्रलेखकांनी पण यावं, घरच्यांना घेऊन यावं, त्यांच्या पत्रात त्यांनी दोन गाण्यांचा उल्लेख केलाय ती पोरांच्या वहीत नाहीत. ती कुणाला पूर्ण येत असतील तर पोरांना हवी आहेत, नावासकट.

आपला,
एक केळी व्यापारी
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव