उधारीच्या वहीतली अँटिबायोटिक

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला आतड्यातल्या जिवाणूंवरचा लेख वाचला. छान आहे. जपानच्या केइओ विद्यापीठातल्या लोकांनी २०२४ मध्ये निरोगी माणसांच्या विष्ठेतले १८ जिवाणू वेचले, ते उंदरांच्या पोटात सोडले, आणि त्या जिवाणूंनी ग्लुकोनेट नावाचं खाद्य आधीच फस्त करून औषधाला न जुमानणाऱ्या क्लेबसिएला या जंतूला उपाशी ठेवलं. आमच्याकडे भाऊबंदकीत हेच चालतं. विहिरीचं पाणी तोडलं की समोरचा आपसूक वावर सोडतो.

पण साहेब, उंदरांचं झालं, आमचं काय? 'अँटिबायोटिक डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या' असं शेवटी लिहून लेखक मोकळे झाले. आमच्या गावात डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, मेडिकल रात्री दहापर्यंत उघडं असतं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या सौ.ना लघवीचा त्रास होऊन थंडीताप भरला. कल्चरचा, म्हणजे कोणत्या औषधाने जंतू मरतो त्या तपासणीचा कागद आला, तर औषधांच्या नावांपुढे ओळीने आर, आर, आर, म्हणजे चालत नाही. पार तळाला दोन-तीन एस, म्हणजे चालणारी, तीही शिरेतून द्यायची इंजेक्शनं. जंतू ई. कोलाय, म्हणजे घरचाच, तिच्याच आतड्यातला. डॉक्टरांनी विचारलं, "याआधी अँटिबायोटिक कितीदा घेतलं?" ती म्हणाली, "कधीच नाही." मी खाली बघत राहिलो.

कारण घरात कोणी शिंकलं की स्टँडजवळच्या मेडिकलवर मीच जायचो. तो पोरगा कात्रीने स्ट्रिपमधून सेफिक्झिम नावाची अँटिबायोटिक कापायचा, "दोन गोया लई जा आप्पा, बरं वाटी." चिठ्ठीशिवाय घेऊ नका सांगणारी लाल रेघ, नाव, तारीख सगळं त्याच्याकडच्या तुकड्यावर राहायचं. सर्दी आपली आपण जायची. आतड्यातले साधेभोळे जिवाणू तेवढे मरायचे आणि मागे औषधाला मुरलेले उरायचे. हिला सात दिवस सुई लावून ठेवलं होतं. खर्च सांगत नाही, केळीचा भाव तेव्हा पडलेला होता एवढं सांगतो.

हे सेफिक्झिम शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. २०१४ पासून दुकानदाराने डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरला लिहायचं, ते ३ वर्षं जपायचं. गेल्या महिन्यात मी मुद्दाम रजिस्टर मागितलं. त्याने उधारीची वही पुढे केली. तीत माझं नाव होतं, हे कबूल करतो. पण औषध निरीक्षक नावाचा माणूस आमच्या तालुक्यात कोणी पाहिला असेल तर त्याने तुमच्याच अंकात पत्र लिहावं.

आणखी एक. लेख जिवाणूंचा आणि मथळ्यात तुम्ही 'विषाणू' छापलंत. सर्दी विषाणूची, गोळी जिवाणूंवरची. आप्पाला हे कळायला कल्चरचा कागद लागला, तुमच्याकडे तर मुद्रितशोधक आहेत ना?

शिवाय रविवारची पुरवणी आमच्या गावी सोमवारी दुपारी पोचते, तेही जरा बघा.

आपला,
एक वर्गणीदार
ता. अमळनेर, जि. जळगाव