ऑरोरा-ए प्रथिनाच्या निकामी व्हायल आणि नाकारलेली बदली

पुणे,
१६ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुंबई कार्यालय

विषय : रिकॉम्बिनंट मानवी ऑरोरा-ए कायनेजच्या (दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट बसवणाऱ्या एंझाइमच्या) दोन व्हायल, म्हणजे कुप्या, निकामी निघाल्या, त्याबद्दल तक्रार

महोदय,

तुमच्याकडून मागवलेल्या या व्हायलचा बॉक्स ९ मे रोजी, शुक्रवारी, मुंबई विमानतळावर उतरला आणि आमच्या हातात पडला १३ मेला, मंगळवारी दुपारी. मध्ये शनिवार, रविवार आणि सोमवारची बुद्धपौर्णिमेची सुट्टी. ऐन मे महिन्यात तो गोदामात पडून राहिला आणि एवढ्या दिवसांत त्यात ड्राय आइस (माल गोठलेला ठेवणारा घन कार्बन डायऑक्साइड) पुन्हा भरल्याची एकही नोंद कुरिअरच्या कागदांवर नाही. थर्माकोलचे झाकण काढले तेव्हा आत ड्राय आइसचा एक खडाही उरला नव्हता. व्हायल हातात घेतली तर आतला द्राव हलत होता. तापमान नोंदवणारा लॉगर कोटेशनमध्ये धरला होता, बॉक्समध्ये मात्र नव्हता.

फोटो काढून त्याच संध्याकाळी मी तुम्हाला ई-मेल पाठवला. दुसऱ्या दिवशी तुमच्या तांत्रिक विभागाचे उत्तर आले: बफरमध्ये प्रथिन जपणारे ग्लिसरॉल आहे, एवढ्याने प्रथिन खराब होत नाही, उणे ८० अंशांवर ठेवा आणि वापरून पाहा. मी विश्वास ठेवला. आता ५ जूनच्या पत्रात तुम्ही लिहिता की माल मिळाल्यापासून सात दिवसांत तक्रार आली नाही, सबब बदली देता येणार नाही. तक्रार पहिल्याच दिवशी केली होती. वापरून पाहायला तुम्ही सांगितलेत, त्यात दिवस गेले आणि तेच दिवस तुम्ही आमच्याविरुद्ध मोजलेत. मला सगळ्यात जास्त लागले ते हे.

वापरून पाहिले त्याचे काय झाले, तेही सविस्तर सांगते. एंझाइमला आम्ही पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) आणि एटीपी (फॉस्फेट पुरवणारा रेणू) देतो. एंझाइम चालले तर एटीपीचा एडीपी होतो आणि तो आम्ही प्रकाशाच्या मापाने मोजतो. आमच्याकडे गेल्या वर्षीच्या, तुमच्याच कंपनीच्या व्हायलचा शेवटचा अॅलिकॉट (वेगळा ठेवलेला छोटा वाटा) उरला होता. तो १० नॅनोमोलर इतक्या कमी प्रमाणातही तासाभरात स्वच्छ सिग्नल देतो. त्याच दिवशी, त्याच प्लेटवर, त्याच अभिकर्मकांसह नव्या दोन्ही व्हायल १०० नॅनोमोलरपर्यंत नेल्या, तरी आकडा ब्लँकच्या (एंझाइम न घातलेल्या नमुन्याच्या) जवळच राहिला. मग व्हायल सेंट्रिफ्यूज केली, तर तळाशी पांढरा साका बसला. जेलवर (प्रथिने पट्ट्यांच्या रूपात वेगळी दाखवणाऱ्या चाचणीत) बहुतेक प्रथिन त्या साक्यात दिसले, वरच्या द्रावात फिकट पट्टी. साक्यातल्या प्रथिनावर थ्रिओनिन-२८८ च्या (साखळीतल्या २८८ व्या अमिनो आम्लाच्या) जागी फॉस्फेट होते, हे आम्ही अँटिबॉडीने तपासले. ऑरोरा-ए जागे होते ते याच जागेवर फॉस्फेट बसल्यावर. म्हणजे तुमच्या कारखान्यात ते नीट तयार झाले होते. प्रथिनाची घडी मोडली ती वाटेत. बनवणाऱ्यांच्या कामाला मी बोल लावत नाही, त्यांचे काम चांगलेच आहे.

हे पत्र तांत्रिक विभागाबाहेरही वाचले जावे, म्हणून थोडे अधिक लिहिते. पेशी विभागताना तुर्कतंतूंची (गुणसूत्रे ओढून वेगळी करणाऱ्या धाग्यांची) दोन टोके नीट उभी राहावीत यासाठी हे एंझाइम लागते. स्तनाच्या आणि मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांत त्याच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या सापडतात, म्हणून त्याला अडवणारे रेणू शोधले जातात. आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी असे दोन रेणू बनवले आहेत आणि अलिसर्टिब हा माहितीतला रेणू तुलनेला घेऊन आम्ही ते तपासत होतो. एंझाइमच मेलेले असेल तर समोर ठेवलेला प्रत्येक रेणू त्याला 'अडवतो' असेच दिसते. आमच्या विद्यार्थिनीने रेणू न घालता चालवलेल्या कंट्रोलचे आकडे आधी पाहिले, म्हणून आम्ही वाचलो. एखाद्या प्रयोगशाळेत घाईत ते राहून गेले असते, तर तुमच्या व्हायलमुळे खोटा निष्कर्ष वहीत उतरला असता. या मुलीची फेलोशिप ऑगस्टमध्ये संपते. तिचे तीन आठवडे गेले, ते मी कुठून भरून देऊ?

प्रकल्पातल्या या शीर्षाचे पैसे एकदाच मिळतात. १ लाख १४ हजार रुपये खर्ची पडले आहेत, दुसरी ऑर्डर मला काढता येत नाही.

तेव्हा दोन्ही व्हायल विनामूल्य बदलून द्याव्यात. त्या सोमवारी किंवा मंगळवारी रवाना कराव्यात, पुढे सुट्टी नाही हे पाहून. मुंबईत ड्राय आइस पुन्हा भरल्याची लेखी नोंद आणि चालू लॉगर सोबत हवा. मागच्या वेळी आलेले गुणवत्ता प्रमाणपत्र दुसऱ्याच लॉटचे होते, या वेळी ते व्हायलवरच्या क्रमांकाशी जुळलेले असावे. हे जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. ३० जूनपर्यंत लेखी उत्तर आले नाही, तर सगळा पत्रव्यवहार मी संस्थेच्या खरेदी समितीपुढे ठेवीन आणि आमच्या विभागाच्या पुढच्या ऑर्डर तुमच्याकडे जाऊ नयेत अशी शिफारस करीन.

बॉक्सचे फोटो, १४ मेचे तुमचे उत्तर, प्लेटचे आकडे आणि जेलचे चित्र सोबत जोडले आहे. निकामी व्हायल उणे ८० च्या फ्रीझरमध्ये जपून ठेवल्या आहेत. तुमच्या माणसाने येऊन त्या न्याव्यात आणि स्वतः तपासाव्यात.

आपली,
प्रकल्पप्रमुख, पेशीविभाजन प्रयोगशाळा