आमदारकीनंतरचे काउंटी जजपद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतला एखादा माजी आमदार आपल्या काउंटीचा (जिल्ह्यासारख्या विभागाचा) जज झाला, की ‘राजकारणी न्यायासनावर बसला’ अशी ओरड होते. टेक्सासच्या बाबतीत ही ओरड बरीचशी अस्थानी आहे आणि खरी काळजीची जागा तिच्यात राहूनच जाते.

टेक्सासात २५४ काउंट्या आहेत. प्रत्येकीचा जज चार वर्षांसाठी, पक्षाच्या उमेदवारीवर थेट निवडून येतो. तो आणि चार कमिशनर मिळून कमिशनर्स कोर्ट. तिथे खटले चालत नाहीत. अंदाजपत्रक, मालमत्ता कर, रस्ते-पूल, तुरुंगाचा खर्च यांवर निर्णय होतात. जज अध्यक्ष खरा, पण त्याचे मत एकच आणि नकाराधिकार नाही. काल कायदे करणाऱ्याला इथे विधिमंडळ देईल तेवढ्याच अधिकारात भागवावे लागते. कराचा दर ठरवताना पाचपैकी चौघे हजर लागतात. २०२२मध्ये हॅरिस काउंटीत दोन कमिशनर बैठकीला फिरकलेच नाहीत. तीन मते हाताशी असूनही प्रस्तावित दर बारगळला आणि कमी दरावर भागवावे लागले.

आमदारकीची पुण्याई उपयोगी पडते ती आपत्तीत. काउंटी जज हाच आपत्ती व्यवस्थापनाचा प्रमुख. तो स्वतःच्या सहीने आपत्ती जाहीर करू शकतो. सात दिवसांपुढे न्यायची तर कमिशनर्स कोर्टाची संमती लागते. लोकांना घरे सोडण्याचा आदेशही तोच देतो. एड एमेट १९७९ ते १९८७ टेक्सासच्या प्रतिनिधिगृहात होते आणि २००७पासून हॅरिस काउंटीचे जज. २००८चे आइक आणि २०१७चे हार्वी ही दोन्ही वादळे त्यांच्या काळातली. हार्वीला वर्ष झाले त्याच दिवशी पूरनियंत्रणासाठी अडीच अब्ज डॉलरच्या कर्जरोख्यांवर मतदान झाले आणि मतदारांनी ते मोठ्या फरकाने मंजूर केले. त्याच नोव्हेंबरात एमेट हरले, तरी कारकीर्द जोखायची ती अशा कामांवरूनच. बेक्सार काउंटीचे नेल्सन वुल्फ तर दोन्ही सभागृहे आणि सॅन अँटोनियोचे महापौरपद करून २००१मध्ये जज झाले आणि २०२२पर्यंत राहिले.

ही पायरी खालची समजणेही चूक. टेक्सासच्या आमदाराचे मूळ मानधन वर्षाला ७,२०० डॉलर, नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, १४० दिवसांचे. काउंटी बारमाही चालवावी लागते.

काळजी आहे ती लहान काउंट्यांची. मोठ्या काउंट्यांत खटल्यांसाठी वेगळी न्यायालये आहेत. लहान ठिकाणी मात्र हाच जज मृत्युपत्रांचे अर्ज, मनोरुग्णांना सक्तीने दाखल करण्याची प्रकरणे आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकेल असे फौजदारी खटले ऐकतो. राज्यघटना त्याच्याकडून ‘राज्याच्या कायद्याची चांगली जाण’ मागते. वकिलीची सनद मागत नाही. पहिल्या वर्षी ३० तासांचे न्यायिक प्रशिक्षण, पुढे दरवर्षी १६ तास. कायदे केलेल्या माजी आमदारालाही पुरावा ग्राह्य की अग्राह्य हे त्यातून साधेल, असे आम्हाला वाटत नाही. माणसाला कोठडीत पाठवणाऱ्याकडे सनद हवीच. एका काउंटीला सनदधारक न्यायाधीश परवडत नसेल, तर शेजारच्या दोन-तीन काउंट्यांनी मिळून एक न्यायालय चालवावे. टेक्सासच्या कायद्यात तशी सोय आहे आणि काही काउंट्यांनी ती वापरलीही आहे.

आपले,
काही वाचक