विषय: बॅकलॅश म्हणजे बायकोचं उलट बोलणं नव्हे, कोर्सचे पैसे परत करा

मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय, डोकं अजून गरम आहे, त्यामुळे नमस्कार वगैरे राहू दे. नवरा-बायकोच्या गमतीतून मेकॅनिकल शिकवणारा तुमचा मराठी कोर्स काय आहे ते तुम्हाला माहीतच असणार, तुम्हीच विकताय. गिअरच्या धड्यात तुमचे सर हसत हसत सांगतात, "बॅकलॅश म्हणजे काय? तुम्ही एक बोललात की बायको उलट चार ऐकवते, तेच बॅकलॅश!" मागून हशा टाकलाय आणि संपला विषय. खरं बॅकलॅश म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या गिअरच्या दातांमधली फट, त्याचं नावसुद्धा नाही ओ कुठे.

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे आणि मी स्वतः डिप्लोमा मेकॅनिकल. कामाला येणारी पोरं येळ्ळूर, मच्छे, कंग्राळीकडची, घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि डिप्लोमाची पुस्तकं उघडली की सगळं इंग्लिश. 1998 ला सुरू झालेल्या व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्य ऑफिस आमच्याच बेळगावात आहे, खरं या पोरांना मराठीतून बॅकलॅश समजावून सांगणारं कोण मिळत नाही, म्हणून हौसेनं तुमचा कोर्स घेतला. पोरांनी आवडीनं बघितला, तेच तर वाईट झालं.

लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या मशीनवर, शाफ्टचा गोल दांडा चालला होता. नव्या पोराकडनं टूल 0.1 मिमी जास्त आत गेलं, त्यानं डायल बघून हँडल बरोबर 0.1 मागं फिरवलं आणि पुढं कट घेतला. आता तुम्हाला सांगायला नको, खरं तुमच्या सरांना सांगायला पाहिजे असं वाटतंय म्हणून लिहिते, की दिशा बदलली की आधी टूल सरकवणाऱ्या स्क्रू आणि नटमधली फट, म्हणजे बॅकलॅशच, भरते, तोवर हँडल नुसतंच फिरतं, टूल जागचं हलत नाही. हँडल चांगलं मागं घेऊन परत त्याच बाजूनं पुढं मापावर यायचं असतं. शाफ्टचा व्यास 0.2 नं कमी भरला, माल रिजेक्ट. मी विचारलं, अरे बॅकलॅश शिकलास ना? तर पोरगं लाजून हसतंय. का ते नंतर व्हिडिओ बघितल्यावर कळालं.

मला नवरा-बायकोच्या जोकांचा राग नाही, आमच्या शॉपमध्ये दिवसभर तेच चालतं. जोक चुकीच्या जागी मारलाय त्याचा राग आहे. गिअरच्या दातांत थोडी फट ठेवावीच लागते, तेलाला जागा पाहिजे, गरम होऊन धातू फुगतो त्याला पण पाहिजे. अजिबात ठेवली नाही तर गिअर अडकतात, जास्त ठेवली तर दिशा बदलताना खडखड. संसार घालायचाच होता तर तो इथंच होता की! नवऱ्यानं अचानक बेत फिरवला म्हणून बायको त्याच क्षणी फिरत नाही, मधली फट आधी भरावी लागते, आणि मधे मोकळीकच नसेल तर दोघं जाम. एवढं सांगितलं असतं तर पोरं जन्मात विसरली नसती आणि माझा शाफ्ट वाचला असता.

हे सगळं मी फोनवर शांतपणे सांगायला गेले. खरंच शांतपणे. तर तुमचा माणूस म्हणतो, "मॅडम, टेक्निकल डाउट आहे का? मग सरांना फोन द्या." कुठल्या सरांना? "म्हणजे तुमच्या मिस्टरांना, कोर्स त्यांनीच घेतला असेल ना?" म्हटलं, कोर्स मी घेतलाय, पैसे माझ्या खात्यातून गेलेत, आणि आमचे मिस्टर बी.कॉम. आहेत, ते जीएसटी बघतात. थोडा वेळ गप्प. मग, "बरं, घरात मुलगा वगैरे कोण असेल तर..." मी परत पहिल्यापासून फट, स्क्रू, नट, शाफ्ट सगळं सांगितलं. पूर्ण ऐकून घेतलं बरं का त्यानं. आणि मग हसून म्हणतो, "मॅडम, हलक्यात घ्या, जोक आहे तो. आणि बघा, आता तुम्ही मला उलट बोलताय ना, हाच बॅकलॅश!"

वर विचारतो, आणखी काही मदत करू शकतो का.

पैसे घेताना मॅडम, प्रश्न विचारला की मिस्टर. हे ट्रेनिंग तुम्हीच देता की उपजत आहे?

बाकीचे धडे पण नंतर बसून बघितले. हिस्टेरिसिसला "बायको जुनं विसरत नाही" म्हणून सोडून दिलंय. चुंबकीय जोर काढला तरी लोखंडात थोडं चुंबकत्व उरतं, इथवर ठीक, खरं ते घालवायला उलट दिशेनं जोर लावावा लागतो आणि प्रत्येक फेरीत ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, म्हणून ट्रान्सफॉर्मरला सिलिकॉन स्टील वापरतात, हे कोण सांगणार? रेझोनन्स म्हणजे म्हणे दोघांनी एकदम ओरडणं, आणि फोटो कसला तर अमेरिकेतल्या टॅकोमा पुलाचा. तो पूल 7 नोव्हेंबर 1940 ला साधारण ताशी 64 किमीच्या वाऱ्यात पडला आणि ते साधं रेझोनन्स, म्हणजे बाहेरून ठराविक ठेक्यात ढकलून वाढणारं हलणं, नव्हतंच, फ्लटर होतं, पूल स्वतःच्या पिळण्यातूनच वाऱ्याची ताकद ओढून घेत राहिला. बाहेरून कुणी ठेका धरून ढकलावं लागत नाही, आपल्याच हालचालीनं भडकत जातं. नवरा-बायकोच्या भांडणाला याच्याइतकं फिट दुसरं काय आहे? समोर आयता जोक पडलेला आणि तुमच्या सरांना दिसला नाही.

मराठीतून मेकॅनिकल म्हणून किती जणांना मी हा कोर्स बघायला सांगितला होता, आता त्यांना तोंड दाखवायची सोय नाही.

कोर्सचे पूर्ण पैसे परत पाहिजेत आणि बॅकलॅशचा धडा काढून नवीन पाहिजे. तुमचं ऑफिस पुण्यात असू दे नाहीतर कुठे, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवणारच आहे. शाफ्टचा खर्च वेगळा मागेन, बिल ठेवलंय.

परत फोन केलात तर मी मशीनवर असेन, उचलायला वेळ लागेल. मिस्टरांना देणार नाही.