डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन येतो. शाळांच्या फेऱ्या निघतात, शपथा होतात, पकडलेल्या मालाचे फोटो छापून येतात. ज्या घरात नवरा गर्द (हेरॉइन) ओढतो किंवा ट्रामाडॉल या वेदनाशामक गोळ्यांत अडकला आहे, त्या घरातल्या बाईच्या हाती यातून काहीच लागत नाही. आज रात्री काय होईल आणि डॉक्टरकडे कधी पळायचं, एवढं तिला हवं असतं. व्यसनमुक्तीच्या कामात हेच प्रश्न आमच्यापुढे रोज येतात, म्हणून हे पत्र.

शेवटचा गर्द ओढल्यावर साधारण ८ ते १२ तासांत टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होते. आधी जांभया, नाक-डोळे गळणं, अंगावर काटा. मग पिंढऱ्यांत गोळे, कंबर मोडून येणं, उलट्या, जुलाब, आणि डोळ्याला डोळा लागत नाही. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट. आठवड्याभरात शरीर बरंच सावरतं. या दिवसांत माणूस सहसा टर्कीने दगावत नाही, पण अंगातलं पाणी गेलं तर प्रकरण हाताबाहेर जातं. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यात, उलट्या होत असतील तर चमच्या-चमच्याने. मीठ घातलेली पेज, गरम पाण्याची आंघोळ, पाय शेकणं. सहा-आठ तास लघवी झाली नाही, पाणीही टिकत नाही किंवा भ्रम झाला, तर दवाखाना गाठा.

काही जणांनी मात्र हे घरी करूच नये. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या, म्हणजे ज्यांना वस्तीत ‘बटण’ म्हणतात त्या, चालू असतील तर त्या एकदम तोडल्याने फिट येऊन जीव जाऊ शकतो. ट्रामाडॉल भरपूर घेणाऱ्यालाही फिटचा धोका असतो. व्यसन बायकोला असेल आणि ती गरोदर असेल, तर एकदम बंद करणं पोटातल्या बाळाला घातक. तिला डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधावरच ठेवावं लागतं. आणि खोलीत कोंडून, साखळी बांधून टर्की काढणारी ‘केंद्रं’ अजून चालतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीला पूर्ण बंदी आहे. तिथे पैसे भरू नका.

खरा आधार आहे ब्युप्रेनॉर्फिनचा, म्हणजे टर्की आणि नशेची ओढ शमवणाऱ्या औषधाचा. पण ही गोळी कधी आणि कशी द्यायची, इथेच सर्वाधिक चुका होतात. शेवटच्या गर्दनंतर किमान १२ तास जाऊन टर्की स्पष्ट दिसायला लागल्यावरच पहिली मात्रा. कळवळा येऊन आधी दिली, तर ती मेंदूतल्या गर्दला जागेवरून हुसकते आणि टर्की एकदम उसळते. मग माणूस म्हणतो, ‘ही गोळी मला सोसत नाही’, आणि कायमचा तिच्यापासून पळतो. तोंडातली तंबाखू थुंकायची, एक घोट पाण्याने तोंड ओलं करायचं, गोळी जिभेखाली. पूर्ण विरघळायला ५ ते १० मिनिटं लागतात, तोवर बोलणं नाही, चहा नाही. गिळलेली गोळी जवळपास वाया जाते. विरघळल्यावर चूळ भरायची, दात तासाभराने घासायचे. नाहीतर दात किडतात. सुई टोचून नशा करणाऱ्यांना नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या) ओएसटी केंद्रांत, म्हणजे नशेऐवजी औषध देणाऱ्या केंद्रांत, ही गोळी समोर बसवून मोफत देतात. त्यांची एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी तपासणीही त्याच वेळी करून घ्या.

मग सासू, दीर, शेजारी म्हणायला लागतात: ‘एक नशा सोडून दुसरी धरली.’ हे बोलणं थांबवा. ठरलेल्या मात्रेत ही गोळी घेणारा कामावर जातो, जेवतो, मुलांचा अभ्यास घेतो. ती महिनोन्‌महिने, कित्येकांना वर्षानुवर्षं लागते. ‘आता बरा दिसतोय’ म्हणून घरच्यांनी ती बंद करायला लावली, की माणूस बहुधा पुन्हा पन्नीकडेच, म्हणजे गर्दकडेच, वळतो.

आणि तेव्हाच तो मरतो. दोन-तीन आठवडे नशा नसली की शरीराची सवय उतरते. पूर्वी रोज पचत असलेली पुडी आता श्वास बंद पाडते. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळसर, घशातून घरघर, हलवून जाग येत नाही: ही झोप नव्हे. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल किंवा अगदी मंद असेल तर हनुवटी वर करा, नाक दाबून दर ५ सेकंदांनी तोंडाने श्वास द्या. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. कशाची नशा केली हे डॉक्टरांना खरं सांगा, कारण उतारा नॅलोक्सोनचं इंजेक्शन आहे. त्याचा असर तास-दीड तासात ओसरतो, म्हणून डोळे उघडले की लगेच घरी आणू नका.

रोजच्या बाबतीत: झोप महिनाभर बिघडलेली राहते. मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी आणून देऊ नका; ब्युप्रेनॉर्फिनबरोबर तीच श्वास मंदावते. गोळ्यांची स्ट्रिप कुलपात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. पगार, एटीएम कार्ड आणि मोबाइलवरून पैसे पाठवणं यांचा हिशेब दोघांनी आधीच, शांतपणे ठरवलेला असावा. खिसे उलटे करून, बाथरूमच्या दाराशी उभं राहून बायकोचा जीव अर्धा होतो आणि नवरा लपवायला शिकतो. लघवीची तपासणी केंद्रात, ठरलेल्या दिवशी होऊ द्या. स्लिप झाली, म्हणजे पुन्हा नशा केली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. आणि तिच्या स्वतःसाठीही कोणीतरी हवं. १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन घरच्यांसाठीही आहे.

केंद्रातून रुग्ण घरी येतो तेव्हा बायकोच्या हाती पिशवी, बिल आणि औषधांची चिठ्ठी येते. आमची मागणी छोटी आहे. प्रत्येक केंद्राने डिस्चार्ज कार्डावर मराठीत, ठळक, दोन ओळी छापाव्यात: ‘जुनी मात्रा आता जीव घेऊ शकते. ओठ निळे पडले, जाग येत नसेल तर १०८.’ आणि सही घेण्यापूर्वी त्या तिला वाचून दाखवाव्यात.

– व्यसनमुक्ती क्षेत्रातील समुपदेशक व परिचारिका, पुणे