मांसाहाराला सरसकट दोष देण्यापूर्वी मिझोरामकडे पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'मांसाहाराने पोटाचा कर्करोग' अशा मथळ्याची बातमी दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या वृत्तपत्रात येते. त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर दोन तट पडतात. शाकाहारी मंडळी कात्रण टाकतात, मटण खाणारे 'आमचे आजोबा नव्वदीपर्यंत जगले' म्हणून उलटतात, आणि ज्या माहितीचा खरोखर कुणाला उपयोग झाला असता ती बाजूलाच राहते. म्हणून हे पत्र.

या मथळ्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच निर्णय असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या ल्योन येथील कर्करोग संशोधन संस्थेत ऑक्टोबर २०१५ मध्ये १० देशांतले २२ तज्ज्ञ बसले. सॉसेज, सलामी, बेकन, हॅम अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला त्यांनी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले, तर ताज्या तांबड्या मांसाला (मटण, डुकराचे मांस वगैरे) त्याखालच्या, 'बहुधा कारक' या गटात. मात्र हा निर्णय मुख्यतः मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबद्दल होता. रोज ५० ग्रॅम प्रक्रियायुक्त मांस खाल्ल्यास धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, हा सगळीकडे फिरणारा आकडाही आतड्याचाच. जठराच्या कर्करोगाशी संबंध दिसला होता, पण पुरावा तितका पक्का नव्हता. शिवाय पहिला गट म्हणजे पुरावा भक्कम. धोका किती मोठा, हे त्या गटावरून कळत नाही. तंबाखूही त्याच गटात आहे म्हणून सॉसेज आणि सिगारेट सारखी घातक ठरत नाहीत. बातमीत एवढे एक वाक्य घालायला किती जागा लागते?

जठराच्या कर्करोगाबद्दल बोलायचे तर युरोप-अमेरिकेकडे कशाला जायचे? आपल्याच देशात मिझोराम आहे. सीमा सडक संघटनेतल्या नोकरीत माझी काही वर्षे तिथे गेली. माणसे अतिशय प्रेमळ, जेवल्याशिवाय सोडणार नाहीत. सहकाऱ्यांच्या घरी स्वयंपाकघरात हमखास एक दृश्य असे: चुलीवर टांगलेली बांबूची मांडणी आणि तिच्यावर डुकराच्या मांसाच्या पट्ट्या, दिवसेंदिवस धूर बसून काळ्या पडलेल्या आणि चरबीने चकचकणाऱ्या. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की चर्र आवाज होई आणि त्याचा धूर पुन्हा त्याच मांसाला लागे. हे 'व्होक्सा रेप'. शेजारी डुकराची आंबवलेली चरबी, 'सा-उम'. भाजी शिजवताना सोडा किंवा राखेचे गाळलेले क्षारपाणी. आणि गावोगावी बाटल्यांतून विकले जाणारे 'तुइबुर', म्हणजे तंबाखूचा धूर पाण्यातून खेळवून केलेले पाणी, जे लोक तोंडात धरून बसतात. डोंगराळ मुलूख, रस्ते पावसात बंद, एके काळी शीतकपाट कुणाकडे नाही. मांस टिकवायचे तर धूर आणि मीठ याशिवाय दुसरा मार्गच नव्हता.

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात पुरुषांमधील सर्व कर्करोगांचे सर्वाधिक प्रमाण मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्याचे आहे, लाखात २६९.४. तिथल्या पुरुषांत जठराचा कर्करोग अग्रभागी आहे. मिझोराममध्ये झालेल्या संशोधनात त्याचे नाते जुळले ते धुरवलेल्या आणि खारवलेल्या मांस-मासळीशी, सा-उमशी, सोड्याशी, जादा मिठाशी आणि तंबाखूशी. त्याच अहवालात सर्वात कमी प्रमाण कुठले, तर आपल्या बीड आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांचे, लाखात ३९.५. या तफावतीला तपासण्या आणि नोंदणीपासून इतरही कारणे असणार, त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. पण बीड-धाराशिवकडे मटण खात नाहीत असे कोण म्हणेल? तिथे बोकड सकाळी कापतात आणि दुपारपर्यंत रस्सा पानात असतो.

धुरात कर्करोगकारक द्रव्ये असतात, आणि ती मांसावर बसतात. जादा मीठ जठराचे अस्तर खरवडून काढते. टिकवण्यासाठी घातलेल्या नायट्राइट या क्षारापासून पोटात कर्करोगकारक नायट्रोसो संयुगे बनतात. क जीवनसत्त्व ती बनण्याला अटकाव करते, म्हणून ताजी फळे आणि भाज्या पानात हव्यात. अमेरिकेत १९३० च्या दशकात कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत जठराचा कर्करोग आघाडीवर होता. घरोघरी फ्रिज आले, ताजे अन्न वर्षभर मिळू लागले आणि तो झपाट्याने मागे पडला. जपानमध्ये तर महायुद्धानंतर मांस खाणे कित्येक पटींनी वाढले आणि जठराच्या कर्करोगाचा मृत्युदर घसरत गेला. मिठातले मासे आणि खारवलेल्या भाज्या कमी झाल्या, हे त्यामागचे एक मोठे कारण मानतात. खारवलेल्या भाज्याही त्यात आहेत, हे आमच्या शाकाहारी मित्रांनी ध्यानात घ्यावे.

या सगळ्यात ज्याचे नाव बातम्यांत फारच कमी दिसते तो जठरात राहणारा जिवाणू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी. १९८४ मध्ये बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने त्याचे द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळाले. १९९४ पासून हा जिवाणू कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे. युरोपातल्या १० देशांत पाच लाखांवर लोकांच्या पाहणीत, २००६ च्या निष्कर्षांनुसार, मांस आणि जठराचा कर्करोग यांचा संबंध हा संसर्ग असलेल्यांत विशेष ठळक होता. म्हणजे मांस निर्दोष आहे असा माझा दावा नाही. पण संसर्गावर औषध आहे, आणि जपानने २०१३ पासून या जिवाणूमुळे जठराला सूज असलेल्यांनाही ते विम्यातून दिले. आपल्याकडे मात्र वर्षानुवर्षे 'ॲसिडिटी' म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेतल्या जातात, वजन उतरू लागते, काळे शौच होते, तरी दुर्बिणीची तपासणी पुढे ढकलली जाते. मिझोराममधल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांचे असेच झाले. गॅस, गॅस म्हणत वर्ष गेले आणि निदान झाले तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती.

आपल्या घरांतही आता बदल होतो आहे. वलांडीवर उन्हात वाळलेला बोंबील वेगळा आणि मिठात मुरवलेला खारा बांगडा वेगळा. तो तोंडी लावण्यापुरताच असावा. मला खरी काळजी वाटते ती मुलांच्या डब्याची. आईला वेळ नसतो, चिकन सॉसेज पाच मिनिटांत तळून होते, आणि 'चिकन आहे, तांबडे मांस नाही' अशी समजूत असते. पाकिटाच्या मागे अगदी बारीक अक्षरांत परिरक्षक म्हणून २५० हा आकडा असतो. तो सोडियम नायट्राइटचा. किती जणांना हे ठाऊक आहे?

माझी विनंती एवढीच, की पुढची अशी बातमी छापताना कोणते मांस, किती आणि कुठल्या अवयवाचा कर्करोग हे मथळ्याखालीच द्यावे. आरोग्य पुरवणीत एकदा २४९ ते २५२ हे नायट्राइट-नायट्रेटचे पाकिटांवरचे आकडे मराठीत समजावून, घराघरांत फ्रिजवर चिकटवता येईल अशा चौकटीत छापावे. आणि नायट्राइटचे नाव पाकिटाच्या दर्शनी बाजूला, वाचता येईल अशा अक्षरात, मराठीतून असावे, ही मागणी आपल्या अग्रलेखातून अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे करावी.

आपला,
एक वाचक, सातारा